इंदूरची गादी आणि मलबार हिलची ती संध्याकाळ

प्रश्न : आमच्या घरी इंदूरच्या होळकर महाराजांचा विषय निघाला की वडीलधारी माणसं एकच वाक्य बोलायची, ‘बाईच्या नादापायी गादी घालवली.’ ती बाई अमेरिकन होती असं कुणी म्हणायचं, तर कुणी म्हणायचं नाचणारी होती. मुंबईत कुणाचा तरी खूनही झाला होता म्हणे. खरं काय घडलं होतं? आणि राजाचं नाव खुनात आलं होतं, तर त्याच्यावर खटला का झाला नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्यापर्यंत आलेल्या हकिकतीत दोन स्त्रियांची सरमिसळ झाली आहे आणि मधला खून जवळजवळ गळून गेला आहे. अमेरिकन तरुणीशी महाराजांचं लग्न झालं 1928 मध्ये. गादी त्यांनी सोडली होती 1926 मध्ये, म्हणजे लग्नाच्या दोन वर्षं आधीच. गादी सुटण्याचं कारण 12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर घडलं. ‘बावला खून खटला’ एवढं म्हटलं की आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला सगळं आठवायचं. पुढच्या पिढ्यांपर्यंत येता येता त्यातलं ‘बाईचा नाद’ एवढंच उरलं. ज्या मुलीवर हे सगळं बेतलं, तिच्यावरच त्यात ठपका आहे, म्हणून मला ते वाक्य अन्यायाचं वाटतं. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

हे महाराज म्हणजे तुकोजीराव होळकर, तिसरे. जन्म 1890 चा. वडील शिवाजीराव यांनी 1903 मध्ये गादी सोडली आणि बारा वर्षांचा मुलगा राजा झाला. कारभार रीजन्सीच्या मंडळाकडे होता, पूर्ण अधिकार हाती आले 1911 मध्ये. घराणं किती श्रीमंत असावं? आजोबा दुसरे तुकोजीराव यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले होते, तेही एकोणिसाव्या शतकात. तिसऱ्या तुकोजीरावांनी पहिल्या महायुद्धाच्या आधी पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले, एकेक हिरा 46 कॅरेटच्या वरचा. ‘इंदूर पेअर्स’ या नावाने ते हिरे आजही जगभरच्या जवाहिऱ्यांना ठाऊक आहेत.

अशा राजाला ‘नाही’ म्हणणारं माणूस आसपास नसतं. एका मुलीने ते म्हटलं.

तिचं नाव मुमताज बेगम. आईकडून अमृतसरची, गाणं-नाचणं हा घरचा व्यवसाय. ती इंदूरच्या राजवाड्यात आली तेव्हा किती वर्षांची होती, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा. 1925 च्या खटल्याच्या वेळी ती साधारण बावीस वर्षांची होती आणि ती दहा वर्षं महाराजांच्या आश्रयाला होती, असं न्यायमूर्तींनी निकालात नोंदवलं आहे. ‘नाद’ हा शब्द वापरणाऱ्यांनी ही वजाबाकी केलेली नसते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने पंचविशीतल्या राजाला नादी लावलं, असं म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही.

इंदूरला आपल्यावर पहारा असे, असं तिने न्यायालयात सांगितलं. नातेवाईक भेटायला येत, पण कुणीतरी सतत बरोबर असे. तिला एक मुलगी झाली. ती जन्मल्यानंतर थोड्याच काळात गेली. आपल्या मुलीला दायांनी मारलं, असं मुमताजचं म्हणणं होतं, आणि त्यानंतर इंदूरला राहायची इच्छाच उरली नाही, हे तिने साक्षीत स्पष्ट सांगितलं. त्या मुलीच्या मृत्यूचा वेगळा तपास होऊन कुणाला शिक्षा झालेली नाही, त्यामुळे ते कसं घडलं याबद्दल मी काही ठरवून सांगू शकत नाही. पण राजवाड्यातून पळण्याचं कारण ती स्वतः हे देते आणि बावला प्रकरणावर बोलताना हेच पहिल्यांदा विसरलं जातं. तिच्या बाजूने पाहिलं तर ही सगळी हकिकत एका बाळंतिणीच्या दुःखापासून सुरू होते.

तिला मसुरीकडे नेलं जात असताना ती दिल्लीला अडून बसली आणि तिथून अमृतसरला निघून गेली. तिथेही पाळत सुटली नाही. महाराजांनी रडून तिला परत यायची विनवणी केली होती, असं तिच्या सावत्र वडिलांनी न्यायालयात सांगितलं. ती बधली नाही. मुंबईला आली आणि अब्दुल कादर बावला या तरुण व्यापाऱ्याच्या आश्रयाला राहिली. बावला पंचविशीतला, कापडधंद्यात गडगंज झालेला, मुंबई महापालिकेचा सभासद. तिला ठेवून घेऊ नकोस, परिणाम वाईट होतील, अशा धमक्या त्यालाही येत होत्या. त्याने तिला घराबाहेर काढलं असतं तर कदाचित तो म्हातारा होऊन मेला असता. त्याने तसं केलं नाही. सगळ्या प्रकरणात या माणसाकडे नुसता मयत म्हणून पाहिलं जातं, त्याचं मला वाईट वाटतं.

12 जानेवारीच्या संध्याकाळी बावला, मुमताज आणि आणखी तिघं मोटारीतून मलबार हिलवर फिरायला निघाले होते. त्या काळी मुंबईत मोटारी थोड्याच होत्या. मागून आलेली एक मोटार पुढे गेली, यांच्या गाडीवर आदळली आणि गाडी थांबवावी लागली. शिव्या देत माणसं उतरली. बाईला बाहेर काढा, असा त्यांचा आरडाओरडा चालला होता, असं मुमताजने सांगितलं. बावलावर गोळ्या झाडल्या गेल्या, काही तासांत तो गेला. मुमताजच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले.

आणि मग एक असा योगायोग घडला की त्याच्यावाचून हे प्रकरण आज आपल्याला माहीतसुद्धा नसतं. गोल्फ खेळून परत येणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी वाट चुकून त्याच रस्त्याला लागले. गोळ्यांचा आवाज ऐकून ते धावले. लेफ्टनंट सेगर्ट यांच्या हातात गोल्फची काठी होती, तेवढ्याने ते पिस्तूलवाल्यांशी भिडले आणि गोळी लागून जखमी झाले. हल्लेखोरांपैकी एकजण तिथेच पकडला गेला. बाकीच्यांनी जखमी मुमताजला अधिकाऱ्यांच्या हातून ओढून न्यायचा दोनदा प्रयत्न केला. या दोन प्रयत्नांवर जरा थांबा. समोर एक माणूस गोळ्या लागून पडलेला, गोरे अधिकारी आलेले, पळून जायची वेळ, आणि तरीही ते बाईसाठी परत फिरतात. बावलाचं मरण म्हणजे त्यांच्या वाटेतला अडसर दूर होणं होतं. आणायची होती ती मुमताज. ती त्या रात्री मुंबईच्या हद्दीबाहेर आणि इंदूरच्या हद्दीत गेली असती, तर मुंबई पोलिसांचा हात तिथे सहजी पोहोचला नसता.

पुढचा तपास पोलीस आयुक्त पॅट्रिक केली यांच्या देखरेखीखाली झाला. धागे थेट इंदूरला गेले. पकडलेल्यांत इंदूर संस्थानाच्या नोकरीतली माणसं होती. सर्वांत वरच्या हुद्द्याचा आरोपी होता सरदार आनंदराव गंगाराम फणसे, इंदूरच्या फौजेतला बडा अधिकारी. त्याचं वकीलपत्र घेतलं होतं बॅरिस्टर महंमद अली जिनांनी. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल जमशेटजी कांगा उभे होते. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प आणि ज्युरीसमोर खटला चालला. मुख्य साक्षीदार अर्थातच मुमताज. चेहऱ्यावरच्या जखमा घेऊन, भर न्यायालयात, एका राजाच्या वाड्यात आपलं काय झालं हे त्या वयाच्या मुलीने सांगणं किती कठीण असेल! तिची उलटतपासणीही झाली. या सगळ्या प्रकरणात मला धाडस दिसतं ते या साक्षीत.

तिघांना फाशीची शिक्षा झाली, काहींना जन्मठेप. जिनांनी फणसेला फाशीतून वाचवलं, त्याला जन्मठेप झाली. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, तिथे आरोपींच्या पदरी काही पडलं नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. महाराजांवर खटला का नाही?

न्यायमूर्ती क्रम्प यांनी त्यांच्यावर दोष ठेवला नाही, ठेवता येतही नव्हता, कारण महाराज त्यांच्यासमोर आरोपी नव्हते. पण न्यायमूर्ती गप्पही बसले नाहीत. या कृत्यामागे अशा व्यक्ती आहेत ज्यांच्याकडे नेमकं बोट दाखवता येत नाही, आणि जी स्त्री दहा वर्षं इंदूरच्या महाराजांची होती तिला पळवायचा प्रयत्न होत असेल तर हल्ल्याचा उगम शोधताना इंदूरकडे पाहणं गैरवाजवी नाही, अशा अर्थाचं त्यांनी नोंदवलं. न्यायाधीशाला याच्या पुढे पाऊल टाकायला जागा नव्हती. संस्थानिक हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा माणूस होता. त्याच्यावर समन्स नाही, वॉरंट नाही. त्याचा न्याय करायचा तर व्हाइसरॉयने, आणि तोही राजकीय खात्यामार्फत. पहिल्या महायुद्धानंतर एक पद्धत ठरली होती. संस्थानिकाविरुद्ध गंभीर आरोप असेल तर चौकशी आयोग नेमायचा, त्यात उच्च न्यायालयाच्या दर्जाचा न्यायाधीश असावा आणि सत्तेवरचे दोन संस्थानिकही असावेत.

आयोग या शब्दाची मराठी संस्थानिकांना धास्ती का वाटे, ते कळायला पन्नास वर्षं मागे बडोद्याला जावं लागतं. 1875 मध्ये मल्हारराव गायकवाडांवर ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घालायला लावल्याचा आरोप आला. आयोग बसला. कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष, सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. सगळी साक्ष उघड्यावर, वाड्यातल्या नोकरचाकरांच्या जबान्या छापून आल्या. शेवटी तिन्ही इंग्रज सभासदांचं मत एका बाजूला, तिन्ही हिंदी सभासदांचं दुसऱ्या बाजूला. आरोप सिद्ध झाला असं म्हणता येईना. मग सरकारने काय केलं? विषाचा मुद्दा सोडून दिला आणि गैरकारभारासाठी मल्हाररावांना गादीवरून काढून मद्रासला पाठवलं. त्यांच्या मुलांना गादी मिळाली नाही. ती मिळाली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या एका शेतकरी घरातल्या गोपाळला, म्हणजे पुढच्या सयाजीराव महाराजांना.

तुकोजीरावांपुढे हा धडा होता. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या सरकारने त्यांना दोनच वाटा ठेवल्या, आयोगासमोर जा किंवा गादी सोडा. आयोगापुढे गेल्यावर वाड्यातला प्रत्येक कोपरा उजेडात येणार होता, मुमताज पुन्हा साक्ष देणार होती, आणि निर्दोष ठरूनही मल्हाररावांसारखं होणारच नाही याची हमी कुणी देत नव्हतं. गादी सोडली तर ती मुलाला मिळत होती, मालमत्ता जागेवर राहत होती. फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी मुलगा यशवंतराव यांच्या नावे गादी सोडली. कागदावर त्यांनी अट घातली की मलबार हिलच्या घटनेशी आपला जो संबंध जोडला जातो त्याची यापुढे चौकशी होऊ नये. सरकारने ती मानली. दोघांची सोय झाली. सरकारला एका बड्या राजाला फासाच्या सावलीत उभं करायचं नव्हतं, कारण संस्थानिक हे साम्राज्याचे आधारखांब होते. राजाला आपलं आयुष्य लोकांपुढे उलगडू द्यायचं नव्हतं. या तडजोडीत ज्याचा जीव गेला तो बावला आणि जिचा चेहरा कापला गेला ती मुमताज यांचं कुणी काही विचारलं नाही.

महाराजांनी हुकूम दिला होता का? मी ‘हो’ म्हणणार नाही. कुठल्याही न्यायालयात ते सिद्ध झालं नाही, त्यांच्यावर आरोपपत्रसुद्धा नव्हतं. मालकाला खूश करायला हाताखालची माणसं आपल्या अकलेने काय करतील याचा नेम नसतो, हेही खरं. पण ‘नाही’ असंही मी म्हणणार नाही. निर्दोष ठरायची एक संधी त्यांच्यापुढे आली होती, तिच्यापेक्षा त्यांनी गादी सोडणं पसंत केलं. आणि ‘बाईपायी’ तर नाहीच नाही. ती बाई निघून गेली होती. तिचा पाठलाग अमृतसरपर्यंत आणि मुंबईपर्यंत कुणीतरी केला, पैसे कुणीतरी पुरवले, माणसं संस्थानाच्या नोकरीतली होती. गादी गेली ती या पाठलागापायी.

हे प्रकरण इतकं का गाजलं, यालाही एक कायद्याचं कारण आहे. 1922 मध्ये सरकारने संस्थानिकांच्या संरक्षणासाठी एक कायदा केला होता. ब्रिटिश मुलखातल्या वर्तमानपत्रांनी संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवली तर शिक्षा. मध्यवर्ती विधिमंडळाने तो नाकारला होता, व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात लादला. त्यामुळे राजवाड्यांत काय चालतं हे संपादकांना ठाऊक असूनही लिहिताना हात आखडावा लागे. पण उच्च न्यायालयातली साक्ष छापायला कोण अडवणार? वर्षानुवर्षं कुजबुजीत अडकलेलं सगळं मुमताजच्या तोंडून रोज सकाळी लोकांच्या हातात येऊ लागलं. त्याच्या काहीच महिने आधी लंडनमध्ये ‘मिस्टर ए’ हे नाव पांघरून काश्मीरचे वारस हरिसिंग यांचा दीड लाख पौंडांच्या चेकचा मामला न्यायालयात गाजला होता, त्यामुळे लोकांचे कान टवकारलेलेच होते. कोहिनूर कंपनीने 1925 मध्येच ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपट या प्रकरणावर काढला.

मग ती अमेरिकन राणी? नॅन्सी ॲन मिलर, सिॲटलची. गादी सोडल्यावर महाराज युरोपात असताना ओळख झाली. घरच्यांचा विरोध, धनगर समाजाचा विरोध. मार्च 1928 मध्ये नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिला हिंदू धर्मात घेतलं गेलं, लंभाते या धनगर घराण्याने तिला दत्तक घेतलं, आणि बडवाहला लग्न लागलं. नाव शर्मिष्ठादेवी. चार मुली झाल्या. त्या वेळी या लग्नाचा गाजावाजा प्रचंड झाला. माझ्या मते यात लाज वाटावं असं काहीही नव्हतं. दोन सज्ञान माणसांनी उघडपणे लग्न केलं, मुलीने धर्म बदलला तोही चारचौघांत. तरी तुमच्या घरच्या आठवणीत हे लग्न गादी जाण्याचं कारण होऊन बसलं आणि भर रस्त्यात झालेला खून ‘म्हणे’पुरता उरला. गोऱ्या राणीची गोष्ट सांगायला गंमत वाटते, त्यात कुणाला कुणाचा जाब द्यावा लागत नाही.

यशवंतराव गादीवर आले तेव्हा सतरा वर्षांचे होते, पूर्ण अधिकार 1930 मध्ये मिळाले. माणिकबाग राजवाडा त्यांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून बांधून घेतला, तो विसाव्या शतकातल्या आधुनिक वास्तुकलेचा एक नमुना मानला जातो. म्हणजे ज्या व्यवस्थेसाठी तुकोजीरावांनी गादी सोडली ती त्यांच्यापुरती फळाला आली.

मुमताज आपल्या साक्षीनंतर लोकांच्या नजरेआड गेली. तुकोजीराव गादी सोडल्यावर पन्नासहून अधिक वर्षं जगले आणि 1978 मध्ये पॅरिसला वारले. मधल्या काळात इंग्रज गेले, इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, चौकशी न करण्याचं वचन देणारं सरकारही उरलं नाही. ती चौकशी त्यानंतरही कधी झाली नाही.